करार दोन सरकारांचा, उचल कुणाची?

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतले बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात सामंजस्य करार झाला. तिकडे कामाला माणसे कमी पडतात, इकडे शिकलेल्या हातांना काम कमी पडते; तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवावेत, असा त्याचा मथितार्थ. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, हॉटेलातली कामे अशी यादी निघाली. जर्मन भाषेच्या शिकवणीचा खर्च शासनाने करायचा ठरले. अशी बातमी पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या माणसाने वाचली की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पगाराचा नसतो. मधे मुकादम कोण, हे त्याला आधी जाणून घ्यायचे असते.

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. जिनिव्हापासून दिल्लीपर्यंत स्थलांतराच्या धोरणावर जी जाडजूड कागदपत्रे निघतात, त्यांतला कळीचा प्रश्न हाच आहे. माणसे एका देशातून दुसऱ्या देशात कामाला जाणार, हे आता दोन्हीकडच्या सरकारांनी मान्य केले आहे. त्यांनी कसे जायचे, किती दिवस राहायचे, फसवले गेले तर दाद कुठे मागायची आणि परत कसे यायचे, हे ठरवण्यासाठी देश एकमेकांशी करार करतात. या पुस्तकाचा विषय ते करार आहेत. पण ते वाचायचे कुठे उभे राहून, हे आधी ठरवावे लागते. मी ते तिसगावात उभा राहून वाचतो, कारण या तालुक्याला कराराचा वरचा कागद आणि खालचा कागद यांतला फरक तीन पिढ्यांपासून ठाऊक आहे.

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाट ओलांडला की तिसगाव लागते. शेवगावचा फाटा इथलाच. कानिफनाथांच्या यात्रेला मढीला जाणारे इथूनच वळतात. वृद्धेश्वर साखर कारखान्याचे आदिनाथनगर जवळच. तालुक्यात साखर कारखाना आहे, तरी तालुक्याची ओळख उसाच्या बागायतीसाठी नाही. ऊस तोडणाऱ्या माणसांसाठी आहे. पर्जन्यछायेतला हा मुलूख. बाजरी, ज्वारी, कपाशी, तूर जे काही येते ते पावसाच्या लहरीवर. खरीप उरकला, दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात: सांगली-कोल्हापूर, सोलापूर, पुणे, आणि सीमा ओलांडून कर्नाटकात. पोरांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधे, दाराला कुलूप, शेळ्या कुणाकडे ठेवायच्या, हे सगळे त्या चार-सहा महिन्यांच्या हिशेबात बसवावे लागते.

या व्यवहाराची रचना नीट समजून घ्यावी, कारण परदेशातल्या नोकरीची रचना तिच्याहून फार वेगळी नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कारखाना पैसे देतो वाहतूक ठेकेदाराला किंवा मुकादमाला, आणि मुकादम हंगामाच्या कितीतरी आधी, ऐन पावसाळ्यात, घरात पैशाची निकड असते तेव्हा, कोयत्याला उचल देतो. मुलीचे लग्न, दवाखाना, बियाणे, मागची देणी यांत ती उचल हंगामाआधीच संपलेली असते. पुढे फडात तोडलेल्या टनामागे ती वळती होत जाते. शेवटी हिशेबाची पट्टी होते तेव्हा अंगावर बाकी राहिली, तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे आले. स्टॅम्प पेपरवर सही किंवा अंगठा, कधी कोरा चेक. कारखान्याचे नाव त्या कागदावर मालक म्हणून नसते. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या साऱ्याच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हा खाड्याचा धाकही होता. मासिक पाळीचे चार दिवस किंवा बाळंतपणाचा महिना उचलीच्या हिशेबात कुठेच धरलेला नसतो.

मुकादमाला एकट्याला खलनायक ठरवून मात्र हा विषय सुटत नाही. त्याने स्वतः ठेकेदाराकडून, सावकाराकडून पैसे उचललेले असतात. टोळी अर्ध्या हंगामात पळाली तर त्याची जमीन जाते. जोखीम वरून खाली ढकलली जाते आणि ज्याच्याखाली ढकलायला कुणीच नाही, त्याच्यापाशी ती थांबते. तो कोयता.

आता वरचा कागद पाहा. ऊसतोड कामगारांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात दर काही वर्षांनी दराचा करार होतो. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांनी या प्रश्नासाठी हयात घालवली. संप झाले, लवाद बसले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ उभे राहिले आणि त्याला टनामागे दहा रुपये कारखान्यांनी, तेवढेच शासनाने द्यायचे ठरले. हे सारे मोलाचे आहे, कष्टाने मिळवलेले आहे. पण वरच्या करारात टनाचा दर ठरतो. खालच्या स्टॅम्प पेपरवर माणूस बांधला जातो. वरच्या करारावर सह्या करणारे खालच्या कागदाबद्दल गप्प राहतात. दोन देशांच्या करारांकडे पाहताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते.

आपल्याच देशात दोन राज्यांनी मिळून स्थलांतर सांभाळण्याचा एक प्रयत्न कायद्याने झाला होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, १९७९. ओडिशातून ठेकेदारांमार्फत बाहेर नेल्या जाणाऱ्या मजुरांच्या हालअपेष्टांतून तो जन्मला. कल्पना फार चांगली होती. ठेकेदाराने माणसे जिथून न्यायची त्या राज्याचाही परवाना घ्यायचा आणि जिथे न्यायची त्या राज्याचाही. प्रत्येक कामगाराला फोटो लावलेले पासबुक द्यायचे. त्यात मजुरी लिहायची, कापलेले पैसेही लिहायचे. जाण्यायेण्याचा प्रवासखर्च द्यायचा. शिवाय गाव सोडल्याबद्दल महिन्याच्या मजुरीच्या निम्मा भत्ता. या कायद्याप्रमाणे पाथर्डीची टोळी सांगली जिल्ह्यात गेली तर त्यातले काही लागू नव्हते. तीच टोळी पुढे सीमा ओलांडून बेळगाव जिल्ह्यात गेली की सगळे लागू. फडातल्या माणसाला या दोन्हींत फरक जाणवला नाही, कारण ते पासबुक त्याच्या हातात पडलेच नाही. हा कायदा आता २०२० च्या नव्या कामगार संहितेत विरून गेला आहे. २०२० च्याच मार्च-एप्रिलमध्ये टाळेबंदीत ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आवारात, फडाच्या कडेला अडकून पडले. शासनाला विशेष आदेश काढून, तपासण्या करून त्यांना गावी आणावे लागले. त्या दिवसांत ज्याने कुणी याद्या केल्या असतील, त्याला विचारा. कोण कुठल्या कारखान्यावर आहे, हे मुकादमाच्या वहीत होते. सरकारच्या वहीत नव्हते.

या विषयाचा इतिहास मात्र मराठी माणसाने अभिमानाने वाचावा असा आहे, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. इंग्रजी अमलाखाली १८३४ पासून हिंदुस्थानातली माणसे पाच-पाच वर्षांच्या करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत नेली जाऊ लागली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली, साताऱ्याकडची मराठी माणसेही होती; त्यांच्या वंशजांनी तिकडे आजही गणपती आणि मराठी भाषा जपली आहे, गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. पुढे त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतले नाताळ, फिजी. या वाहतुकीवर नजर ठेवायला बंदरांवर अधिकारी नेमले गेले, 'प्रोटेक्टर' असे त्यांचे हुद्दे. कागद होते, साक्षी होत्या, कराराच्या अटी मजुरांना वाचून दाखवल्याच्या नोंदी होत्या. तरीही काम सोडून जाणे हा गुन्हा होता आणि त्याला तुरुंग होता.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला: नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे बंद करा. दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणसांवर तीन पौंडांचा डोईकर लादला होता, त्यांचा पदोपदी अपमान होत होता, आणि नाताळच्या मळेवाल्यांना मजूर मात्र आपलेच हवे होते. गोखल्यांनी हेरलेली गोष्ट साधी होती. ज्याला माणसांची गरज आहे, त्याच्याशी बोलताना माणसे पाठवणाऱ्याच्या हातात काहीतरी असते. सरकारने तो ठराव मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी ही पद्धतच साऱ्या वसाहतींसाठी समूळ बंद करावी असा ठराव आणला, तेव्हा तो सरकारी मतांच्या जोरावर फेटाळला गेला. गोखले १९१५ मध्ये गेले. पद्धत बंद पडलेली पाहायला ते राहिले नाहीत. पण पाठवणारा देश अट घालू शकतो, हे सरकारी दप्तरात ठळकपणे उमटले ते त्यांच्यामुळे. आजच्या करारांवर बोलणी करणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांनी ती दोन भाषणे वाचून मग विमानात बसावे, असे मला मनापासून वाटते.

स्वातंत्र्यानंतर आखाताची वाट खुली झाली. तेलाचे भाव वाढले, दुबई-मस्कत-कुवेतमध्ये बांधकामे निघाली, आणि १९२२ चा जुना कायदा अपुरा पडला म्हणून १९८३ मध्ये नवा उत्प्रवास कायदा आला. तो आजही चालू आहे. त्याच्या जागी नवा कायदा आणण्याचा मसुदा २०२५ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला. १९८३ च्या कायद्याने 'प्रोटेक्टर' हे पद राखले. मुंबईत त्याचे कार्यालय आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर शिक्का पडतो, आणि अठरा ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी त्याला या कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. एजंटाला परवाना लागतो, बँक हमी ठेवावी लागते. एजंटाने उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घ्यावा, असे नियम सांगतो. दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा नाममात्र हप्त्यात मिळतो. या साध्या गोष्टी गावात ठाऊक नसतात. लाख-दीड लाख देऊन व्हिसा 'काढून' घेणारा मुलगा शेत गहाण टाकतो किंवा व्याजाने पैसे उचलतो, आणि तिकडे पोहोचल्यावर पहिले वर्ष ते फेडण्यात घालवतो. पर्यटक व्हिसावर पाठवले तर कार्यालयात त्याची नोंदच होत नाही, आणि काही बरेवाईट झाले तर दूतावासालाही त्याचा पत्ता नसतो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, अंगावर कर्ज, आणि मालक बदलायची मुभा नाही. पाथर्डीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याने ही उचल पाहिलेली आहे. फक्त फड दूर गेलेला असतो.

कायदा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा. म्हणून करार लागतात. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत यांच्याशी मजुरांविषयीचे, घरकाम करणाऱ्या बायकांविषयीचे समझोते झाले. कोलंबो प्रक्रियेत माणसे पाठवणारे आशियाई देश २००३ पासून एकत्र बसतात. अबू धाबी संवादात २००८ पासून पाठवणारे आणि घेणारे दोन्ही बसतात. डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये जगातल्या बहुतेक देशांनी स्थलांतराचा जागतिक करारनामा स्वीकारला. तो कुणाला बंधनकारक नाही, पण मजुराकडून भरतीचा खर्च घेऊ नये हे तत्त्व त्यात आले. गेल्या काही वर्षांत युरोपशी वेगळ्या घाटाचे करार होऊ लागले: फ्रान्सशी २०१८, ब्रिटनशी २०२१, जर्मनीशी ५ डिसेंबर २०२२, ऑस्ट्रिया आणि इटलीशी २०२३. त्यांना स्थलांतर आणि गतिशीलता भागीदारी म्हणतात. यांत दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात. विद्यार्थी, संशोधक, कुशल कामगार यांना वाट मोकळी करायची, ही एक. आणि ज्यांच्याकडे राहण्याचा परवाना उरलेला नाही, अशा आपल्या माणसांची ओळख पटवून त्यांना ठरलेल्या मुदतीत परत घ्यायचे, ही दुसरी. वर्तमानपत्रांत पहिली गोष्ट मोठ्या अक्षरांत येते. युरोपातल्या सरकारांना मात्र दुसरीही तितकीच हवी असते, कधी कधी जास्त. यात लपवाछपवी नाही, दोन्ही कलमे उघड आहेत. पण तिसगावच्या मुलाने सही करण्याआधी दोन्ही वाचलेली असावीत.

असे करार कसे फसतात आणि कसे जमतात, याचे जगात पुरेसे अनुभव आहेत. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांच्या करारावर लाखो मेक्सिकन शेतमजूर अमेरिकेतल्या फळबागांत, बीटच्या शेतांत राबले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतला दहावा हिस्सा कापून बचत म्हणून मेक्सिकोच्या बँकांत जमा व्हायचा होता, परतल्यावर मिळायचा होता. कित्येकांना तो मिळालाच नाही. म्हातारे होऊन ते मोर्चे काढत राहिले, आणि एकविसाव्या शतकात मेक्सिकोच्या सरकारने काहींना थोडीफार रक्कम दिली. दोन सरकारांचा करार, बँकांची नावे लिहिलेली, आणि पैसे गायब. जर्मनीचा स्वतःचा अनुभवही आहे. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून तिने कामगार आणले, ते थोडी वर्षे राहून परत जातील या हिशेबाने. १९७३ मध्ये भरती बंद केली, तेव्हा आलेले अनेकजण राहिले, त्यांनी बायकामुले बोलावली. त्यांची भाषा, मुलांच्या शाळा, नागरिकत्व यांचा विचार करायला त्या देशाला पुढे कितीतरी वर्षे लागली. आता जर्मनी भाषेवर इतका भर देते, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

दक्षिण कोरियाने २००४ पासून निराळी वाट धरली. तिथल्या रोजगार परवाना पद्धतीत खासगी एजंटाला जागाच ठेवली नाही. नेपाळ, श्रीलंका, व्हिएतनाम, फिलिपिन्स अशा देशांच्या सरकारांशी करार, कोरियन भाषेची परीक्षा, गुणांप्रमाणे यादी. आधी कामगाराला तिथे पोहोचायला साडेतीन हजार डॉलरच्या घरात खर्च यायचा. तो हजार डॉलरच्या आत आला. भारत त्या करारात नाही. पण मुकादमाला मधून काढता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. आपल्याकडे केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळींसाठी 'नोर्का' हे वेगळे खाते उभे केले, पुढे जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेशी थेट करार करून परिचारिका पाठवायला सुरुवात केली. तिथे भरतीचा खर्च परिचारिकेने करायचा नसतो.

महाराष्ट्राच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग कराराला पार्श्वभूमी जुनी आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, दोन राज्यांची भागीदारी २०१५ ची. हेतूबद्दल मला शंका नाही. माझी चिंता वेळापत्रकाची आहे. जर्मन भाषा काही महिन्यांच्या वर्गाने कामापुरती येते असे ज्यांना वाटते, त्यांनी एखाद्या परिचारिकेला विचारावे. परिचारिका म्हणून नोंदणी मिळवायला भाषेची साधारण बी-२ पातळी लागते. ती गाठायला रोज अभ्यास केला तरी वर्षाच्या आसपास जाते. त्या वर्षात घर कोण चालवणार? शिकवणीची फी शासनाने भरली, पण वर्गासाठी पुण्यात राहण्याचे, जेवणाचे पैसे कुठून यायचे? पाथर्डी-शेवगाव भागातल्या, नर्सिंग शिकलेल्या मुलीचे आईवडील त्याच सुमारास उसाला गेलेले असतील, तर घरात पैसा येतो तो एकाच वाटेने. जर्मनीला जायचे म्हणून कुणी पुन्हा मुकादमाची उचल घेतली, तर दोन सरकारांच्या सह्यांचा उपयोग काय झाला? ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची मर्यादा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेली. दार मोठे झाले. दारापर्यंतचा उरलेला खर्च मात्र आजही ज्याच्या त्याच्या घरावर आहे.

म्हणून या पुस्तकातली प्रकरणे वाचताना प्रत्येक कराराला तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी वाचकाला विनंती आहे. पहिले पाऊल टाकायचा पैसा कुणाचा? फसवणूक झाली तर तक्रार कुठल्या भाषेत, कुठल्या कार्यालयात, आणि काम न सुटता करता येते का? माणूस कुठे आहे याची नोंद त्याच्या गावात असते का? तिसऱ्या प्रश्नासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूची नोंदवही असते. बाहेरगावी आणि परदेशी कामाला गेलेल्यांची वही ठेवायला कुठल्याही आंतरराष्ट्रीय कराराची आडकाठी येत नाही. त्यात कारखान्याचे किंवा कंपनीचे नाव, मुकादमाचे किंवा एजंटाचे नाव आणि परवाना क्रमांक, घेतलेली उचल आणि परतीची तारीख एवढे चार रकाने पुरतील. ऊसतोडीला जाणारा आणि जर्मनीला जाणारा एकाच वहीत यावा, असा माझा आग्रह आहे. दोघांसाठी वेगळ्या वह्या झाल्या, तर जर्मनीची वही नीट भरली जाईल आणि उसाची कोरी राहील.

पहिले प्रकरण उचलीच्या हिशेबाचे आहे. परराष्ट्र धोरणाच्या पुस्तकाची सुरुवात तिथून होत नसते, पण ज्याला थेट शेवटच्या भागातल्या युरोपच्या करारांकडे जायची घाई आहे, त्यानेही तेवढी पाने आधी वाचावीत.